पाचवा गिअर हवा, पण कुंभार्लीचं काय?

पत्र: माझ्या वडिलांची १९७४ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. ती मी शोभेला ठेवलेली नाही, चालवते. महिन्यातून एखाद-दुसरी पुण्याची फेरी होते आणि वर्षातून दोनदा आम्ही साताऱ्याहून पाटण-चिपळूणमार्गे गुहागरला जातो. दोन वर्षांपूर्वी इंजिनाचं काम केलं, रंग दिला, नवे टायर घातले (१४ इंची, १६५/६५). गिअर मूळचाच आहे, स्टिअरिंगवरचा, चार गिअरचा. तक्रारी दोन. हायवेला नव्वदला गेलं की इंजिन इतकं ओरडतं की मागे बसलेल्या आईशी बोलता येत नाही. आणि परतताना खंबाटकी किंवा कुंभार्लीचा घाट चढताना चौथ्यात गाडी मरते, तिसऱ्यात टाकली की किंचाळते. आमचे मेस्त्री म्हणतात, भंगारातून पाच गिअरची पेटी आणू, खाली लिव्हर येईल, मजा येईल. अमेरिकेतला आतेभाऊ म्हणतो, पेटीला हात लावू नकोस, मागचं क्राऊन-पिनियन बदल, ३.५५चं घाल. दोघंही ठाम आहेत. मी काय करू? जाता जाता: मोबाईलवर नव्वद दिसतं तेव्हा गाडीचा काटा पंचाण्णव दाखवतो. काटा जुना आहे, त्याचं काही नाही.

— एक वाचक, सातारा

ताई, त्या काट्याचं काही नाही असं म्हणू नका. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत कामाची वाटली ती तीच ओळ.

जुने काटे थोडं वाढवून सांगतात हे खरं. पण तुमचा काटा इंजिन किंवा रस्ता मोजत नाही. पेटीतून बाहेर पडणारा दांडा किती फिरला तेवढंच तो मोजतो आणि मूळ मापाचं चाक धरून वेग सांगतो. चाक लहान झालं की तो जास्त दाखवणार. पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, बारीक पण उंच. तुम्ही घातलेला १६५/६५ रुंद आहे, दिसायला दणकट आहे आणि उंचीला कमी आहे. मूळ टायर एका फेऱ्यात साधारण १.८३ मीटर जमीन कापतो, तुमचा १.७४च्या आसपास. फरक पाच टक्क्यांचा झाला. नव्वदचे पंचाण्णव होतात ते तिथेच.

माझ्या आकड्यांवर विसंबू नका, स्वतः मोजा. टायरच्या कडेला आणि खाली फरशीवर खडूची खूण करा, कुणाला तरी आत बसवा आणि गाडी सरळ ढकलून चाकाचे दहा फेरे घ्या. अठरा मीटरच्या वर आलं तर मी चूक. साडेसतराच्या आत आलं तर ही तक्रार निम्मी टायरवाल्याकडची आहे.

आता मागच्या एक्सलचं, म्हणजे शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवणाऱ्या क्राऊन-पिनियन या दातेरी जोडीचं. फियाटच्या या गाड्यांत क्राऊनला ४३ आणि पिनियनला १० दात, म्हणजे प्रमाण ४.३: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.३ फेरे. पण पन्नास वर्षांत तुमच्या गाडीत कुणी काय घातलंय कुणी सांगावं, तेव्हा तेही मोजून घ्या. पुढच्या चाकांना दगड लावा, पेटी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला, जॅकबरोबर घोडीही लावा. उचललेलं चाक हाताने वीस वेळा फिरवा आणि खालचा प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते दुसऱ्याला मोजायला सांगा. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्याने डिफरन्शियल निम्मंच धरतं, म्हणून दहाऐवजी वीस. शाफ्ट ४३ वेळा फिरला तर एक्सल मूळचाच आहे.

चौथ्या गिअरचं प्रमाण १, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट बरोबरीने फिरतात. मूळ टायरवर इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना गाडी साधारण साडेपंचवीस किलोमीटरच्या वेगाने जाते. त्यावरून खऱ्या नव्वदला इंजिन मिनिटाला सुमारे ३५०० फेरे घेतं. तुमच्या आत्ताच्या टायरवर तेच ३७००. हे दोनशे फेरे कुठलीही पेटी न उघडता परत मिळतात. ५.२०-१४ शोधा, नाहीतर १४ इंचीतच ८० प्रोफाइलचा १५५ रुंदीचा रेडियल बघा. त्याचा घेर मूळच्या जवळ येतो आणि काटाही वळणावर येईल. रुंद टायरची गाडी दिसते छान, पण पार्किंगला स्टिअरिंग फिरवताना तुमचे खांदे काय म्हणतात तेही मला कळवा.

आता आतेभावाकडे येऊ. ३.५५ हा आकडा त्याने कुठून आणला ते मी सांगू शकतो. तिकडे साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये २८९ नावाचं व्ही-आठ इंजिन असतं, ४.७ लिटरचं. त्याच्या मागे टी-फाइव्ह नावाची पाच गिअरची पेटी लावायची आणि एक्सल ३.५५चा ठेवायचा, हा तिथला अगदी रुळलेला मार्ग आहे. त्या पेटीचा पाचवा गिअर ०.६८ असतो, म्हणजे हायवेला एकूण प्रमाण २.४ पर्यंत उतरतं आणि इंजिन गुणगुणत राहतं. सल्ला चुकीचा नाही, पण तो ४.७ लिटरच्या इंजिनाला दिलेला सल्ला आहे. तुमचं १०८९ सीसी, अश्वशक्ती चाळिशीच्या घरात, आणि तीही पाच हजार फेऱ्यांच्या जवळ गेल्यावर. व्ही-आठला दोन हजारांवर जेवढी ओढ आहे तेवढी तुमच्या इंजिनात कुठल्याच फेऱ्यांवर नाही.

इंग्लंडमधल्या एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स गाडीवाल्यांचं ऐकलंत तर ते ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे हायवेला इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जोड-गिअरचं, गुणगान करतील. त्यांचा एक्सल ३.९च्या आसपास असतो आणि ओव्हरड्राइव्ह जोडलं की तो ३.२ असल्यासारखा वागतो. पण तिथेही इंजिन १८०० सीसीचं आहे, गाडी बसकी आहे आणि बसणारे दोघं. आपल्याकडचंच बघायचं तर ॲम्बेसेडरला पाच गिअर मिळाले ते १८१७ सीसीच्या इसुझू इंजिनाबरोबर. जुन्या १४८९ला इतकी वर्षं चारच पुरले. पाचवा गिअर तिथे मोठ्या इंजिनासोबत आला, त्यामागे कंजूषपणा नव्हता.

एक्सल बदलण्याची खरी अडचण अशी की तो एकट्या चौथ्या गिअरला हात लावत नाही, चारही गिअर एकदम ओढतो. ३.५५ घातलं तर नव्वदला इंजिन २९००वर येईल, हे खरं. पण त्याच वेळी पहिल्या गिअरची ओढ सहाव्या हिश्शाने कमी होईल. चढावर भरलेली गाडी थांबली आणि परत उचलायची वेळ आली की क्लच जळल्याचा वास तुम्हाला आधी येईल, मागच्या ट्रकवाल्याला नंतर. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर न खरखरता पडू देणारी रिंग, नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. घाटात चालती गाडी दुसऱ्यातून पहिल्यात टाकणं हे डबल क्लचचं, म्हणजे मध्ये न्यूट्रलला येऊन क्लच दोनदा दाबण्याचं, काम आहे. एक्सल उंच केला, म्हणजे त्याचा आकडा कमी केला, की ते वारंवार करावं लागेल.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही: जाताना कुंभार्ली उतरायचीही असते. तुमच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. सामानासह पाच माणसं, वळणावळणाची उतरण आणि तापलेले ड्रम, अशा वेळी गाडी धरून ठेवतं ते दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधलं इंजिन. ३.५५ने ही पकडही त्याच सहाव्या हिश्शाने सैल होते. साताऱ्याहून गुहागरला जाणाऱ्या गाडीला मी हा एक्सल कधीच सुचवणार नाही. नगर-सोलापूरच्या सपाटीवर राहत असतात तर ३.९पर्यंत विचार केला असता.

शिवाय काम म्हणूनही ते साधं नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. एकाचं क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन अशी मोट बांधली तर गाडी साठला हुंकार द्यायला लागते आणि तो हुंकार जन्मभर जात नाही. जोडी बरोबर असली तरी पिनियनची खोली शिम (पातळ चकत्या) घालून बसवायची, बेअरिंगचा ताण बघायचा, दातांमधली फट डायल गेजने मोजायची आणि दातांना रंग लावून ठसा कुठे पडतो ते पाहायचं. ठसा दाताच्या टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला की परत सगळं खोला. हे काम हाताच्या अंदाजाने करणारे मेस्त्री अजून आहेत आणि त्यांतले काही खरोखर उस्ताद आहेत. पण डायल गेज नसलेल्याच्या हातात मी माझं क्राऊन-पिनियन देणार नाही. तुमचा एक्सल आज गप्प असेल तर तो उघडू नका.

आता मेस्त्रींची पाच गिअरची पेटी. ही कल्पना जास्त शहाणी आहे, कारण तिच्यात एक्सल आणि खालचे गिअर शाबूत ठेवून हायवेपुरती उंची मिळू शकते. ‘शकते’ एवढ्यासाठी म्हणतो की लोक पेटी घेताना पाचवा गिअर बघतात, आणि बघायचा असतो दुसरा.

पद्मिनीच्या पेटीचे आकडे असे: पहिला ३.८६, दुसरा २.३८, तिसरा १.५७, चौथा १. आता समोर उदाहरणादाखल सुझुकी सामुराईची पाच गिअरची पेटी ठेवू, आपल्या जिप्सीच्याच घराण्यातली: ३.६५, १.९५, १.४२, १ आणि ०.७९५. पाचवा गिअर बघून कुणीही खूश होईल, मूळ टायरवर नव्वदला इंजिन २८००. पण दुसरा बघा. २.३८च्या जागी १.९५. कुंभार्लीच्या तीव्र वळणावर गाडी पंचवीसच्या वेगाने फिरवताना मूळ पेटीत दुसऱ्यात इंजिन २३००वर असतं, लगेच ओढ घेतं. नव्या पेटीत ते १९००वर येऊन गुदमरेल आणि तुम्ही पहिला शोधत बसाल. त्या जीपला हे चालतं, कारण तिच्याकडे घाटासाठी ट्रान्सफर केसमध्ये वेगळा लो गिअर असतो. तुमच्याकडे नाही. म्हणून मेस्त्री जी कुठली पेटी आणतील, तिचे दात मोजून प्रमाणं कागदावर लिहून मागा. पहिला ३.६च्या खाली आणि दुसरा २.१च्या खाली असेल तर नको म्हणा, पाचवा कितीही गोड असो.

आणि पाचवा मिळाला तरी तो किती वेळ टिकेल याचा अंदाज घ्या. माझा हिशेब ढोबळ आहे. भरलेली पद्मिनी सपाट रस्त्यावर नव्वदला न्यायला इंजिनाकडून वीसेक अश्वशक्ती लागते. २८०० फेऱ्यांवर तुमचं इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पंचवीसेक देईल. म्हणजे सपाटीला जमलं. रस्ता शंभर मीटरला दोन मीटर चढायला लागला, जो चढ तुम्हाला डोळ्यांना दिसणारही नाही, की गरज तिशीला टेकते आणि पाचवा सोडून चौथ्यात यावं लागतं. पुणे-सातारा रस्त्यावर उड्डाणपूल किती आणि त्यांचे चढ किती ते तुम्ही दर फेरीला पाहता. समोरून वारा असला तर चढही लागत नाही. पाचवा गिअर तुम्हाला मिळेल, पण तो मधून मधून वापरायचा गिअर असेल.

बसवण्याचं काम मेस्त्री सांगतात त्याहून मोठं आहे. पेटी इंजिनाला थेट बसत नाही, मध्ये ॲडाप्टर प्लेट लागते. ती लेथवर नीट केंद्र साधून झाली नाही तर पेटीचा दांडा क्रँकच्या मध्यापासून केसभर सरकतो, आणि तेवढ्याने पायलट बेअरिंग आणि क्लच प्लेट काही महिन्यांत खलास. क्लच प्लेटचे खाचे नव्या दांड्याचे हवेत, व्यास जुन्या फ्लायव्हीलचा. प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागेल. स्पीडोमीटरची केबल आणि तिचा गिअर जुळवावा लागेल. आणि लिव्हर खाली आली की पुढचा सलग सोफा गेला. वडिलांच्या गाडीत पुढे तिघं बसून गेल्याचं तुम्हाला आठवत असेल तर ही किंमतही धरा.

इथे कायद्याची बाजू येते. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आसनसंख्या हा त्यातलाच तपशील आहे. शिवाय तुमच्या गाडीने पन्नाशी ओलांडली आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही. पण नवी लिव्हर बाहेर काढायला मेस्त्री फ्लोअर कापणार असतील तर तो बॉडीचा फेरफार झाला. अर्थात व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, तेव्हा गुहागरच्या फेऱ्या चालू आहेत तोवर तुम्हाला ती नकोच असेल. पण तो दरवाजा कटरने बंद करू नका. विमा कंपनीलाही बदल आधी लेखी कळवा.

मग घाटात चौथ्यात मरते त्याचं काय? तिसरा १.५७ आणि चौथा १, या दोघांत दरी मोठी आहे. तिसऱ्यात ३५००वर असलेलं इंजिन चौथा टाकताच २२५०वर पडतं. ही त्या काळच्या चार गिअरच्या पेटीची रीतच आहे, आणि खंबाटकीच्या चढावर पद्मिनी तिसऱ्यातच चढायची असते. पंचावन्नला तिसऱ्यात इंजिन ३४००च्या आसपास असतं. तुम्हाला ते किंचाळणं वाटतं, इंजिनाला तो त्याचा नेहमीचा आवाज आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांनी मुंबईत टॅक्सी म्हणून अख्खी कारकीर्द काढली, त्या काही इंजिन सांभाळून हळू चालवल्या जात नव्हत्या.

पण ‘मरते’ हा शब्द तुम्ही वापरलात तो मला खटकला. काम केलेलं इंजिन मंदावेल, मरणार नाही. म्हणून पेटीच्या आधी हे बघून घ्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. टायमिंग स्ट्रोब लाइटने तपासा आणि डिस्ट्रिब्युटरमधली वजनं मोकळी फिरतात का तेही पाहा, ती गंजून अडकली की वरच्या फेऱ्यांवर इंजिन ढेपाळतं. घाट चढून वर पोहोचल्यावर लगेच चारही ड्रमना हात जवळ नेऊन बघा, एखादा ब्रेक न दाबताही तापत असेल तर तो तुमची अश्वशक्ती खातोय.

आवाजाचंही तसंच. ३५०० फेऱ्यांवर आईशी बोलणं अवघड होईल, अशक्य व्हायला नको. इंजिनाचे रबरी माउंटिंग दगड झाले असतील, सायलेन्सर कुठे बॉडीला टेकत असेल, शाफ्टचं मधलं बेअरिंग घरघरत असेल, दारांची रबरं रंगकामात गेली ती परत बसलीच नसतील. शेवटचं तर फारच वेळा दिसतं. ही सगळी कामं मिळून पाच गिअरच्या पेटीच्या खर्चाच्या आसपासही जाणार नाहीत.

स्टिअरिंगवरचा गिअर ढिला लागत असेल तर लिंकेजचे बुश बदला. नवे बुश घातलेला हँड गिअर इतका हलका पडतो की खालच्या लिव्हरची हौस बहुतेकांची तिथेच फिटते. पेटीतलं तेल बदलताना मात्र मागच्या एक्सलचं ईपी (जास्त दाब सोसणारं) तेल पेटीत ओतू देऊ नका. एक्सलच्या हायपॉइड दातांना ते हवंच असतं, पण पेटीतल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. गॅरेजमध्ये एकाच डब्यातून दोन्हीकडे ओततात, समोर उभ्या राहा.

हे सगळं करूनही पावसाळ्यानंतर तुम्हाला पाचवा हवाच असं वाटलं, तर माझी हरकत नाही. मात्र फ्लोअरला कटर लावायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, पेटीचा आधार मूळ भोकांत बोल्टने बसला पाहिजे, आणि वडिलांची पेटी, शाफ्ट आणि लिंकेज तेल लावून, चिठ्ठी बांधून घरात ठेवायचं, भंगारवाल्याला द्यायचं नाही. मेस्त्री या अटींना तयार असतील तर त्यांनी आणलेल्या पेटीचे आकडे मला पाठवा, सोबत खडूच्या खुणेचं माप आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. आतेभावाला माझा नमस्कार सांगा आणि त्याची मस्टँग कुठल्या वर्षाची आहे ते विचारा.